‘असू दे बरोबर’ची पिशवी

पत्र थोडक्यात असं: वय ४१, राहणार डोंबिवली, बँकेत नोकरी. शाळेपासूनच्या पाचजणी सप्टेंबरात सात दिवस लडाखला निघाल्यात, मुंबई-दिल्ली आणि पुढे दिल्ली-लेह विमान. ग्रुपवर ठरलंय की सगळ्यांनी फक्त केबिन बॅग घ्यायची, सात किलो, एक ग्रॅम जास्त नाही. हिच्या नुसत्या स्किनकेअर आणि मेकअपच्या पाऊचचं वजन किचनच्या काट्यावर १ किलो ८५० ग्रॅम भरलंय. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहे, केमिस्टकडून आणलेली एक ट्यूब तीन वर्षं रात्री लावतेय. मागच्या वर्षी परदेशातून परत येताना सिक्युरिटीत १५० मिलीचं अर्धं वापरलेलं सनस्क्रीन सगळ्या लायनीसमोर काढून डब्यात टाकलं, तेव्हापासून धसका बसलाय. नवरा म्हणतो, ‘दुकान टाकायचंय का तिकडे?’ आई म्हणते खोबरेल तेलाची बाटली घे, बाकी काही लागत नाही. प्रश्न असा की यातलं काढू काय आणि ठेवू काय, कारण ग्रुप फोटोत मीच काळवंडलेली दिसायला नको.

अगं, वयाने मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते, रागावू नकोस.

तू पाऊचमधल्या १९ वस्तूंची यादी पाठवलीस ते फार बरं केलंस. मी ती दोनदा वाचली आणि मग एक उद्योग केला, प्रत्येक वस्तूपुढे लिहिलं की ही कुठल्या दिवशी, किती वाजता लावणार. सीरम क्रमांक दोन, कधी? फाउंडेशनच्या दोन शेड, कुठल्या दिवशी कुठली? शीट मास्क तीन, कोणत्या रात्री? बाराच वस्तूंपुढे काहीतरी लिहिता आलं, त्यातल्या चार तर एकच काम करणाऱ्या. उरलेल्या सात ‘असू दे बरोबर’ या खात्यातल्या. हे खातं आपल्याकडे आईकडूनच येतं, माझी आई तर एसटीने सांगलीला जाताना पण सुईदोरा, अमृतांजन, मेणबत्ती घेऊन निघायची. आणि ते चुकीचंही नव्हतं, एसटी खरंच मध्येच बंद पडायची. पण तुझ्या सात वस्तू कुठल्या अडचणीसाठी आहेत ते मला सापडेना.

आता आधी त्या सात किलोबद्दल, कारण मला वाटतं खरा घोळ तिथेच आहे. फक्त केबिन बॅग हे ठरवलं कोणी आणि कशासाठी? तुमच्या तिकिटात सात किलो केबिन आणि १५ किलो चेक-इन असं दोन्ही असणार, देशातल्या विमानाला साधारण तसंच असतं, एकदा तिकीट उघडून बघ. ते १५ किलो सोडून द्यायचे आणि लडाखला सप्टेंबरात रात्री पाच-सहा डिग्रीपर्यंत पारा उतरतो तिथे जाकीट, थर्मल, लोकरी मोजे सात किलोत कोंबायचे, म्हणजे मग उपाशी कोण राहणार तर सनस्क्रीनच. गोव्याला चार दिवस जायचं असतं तर मी म्हटलं असतं, फक्त केबिन बॅग घ्या, मस्त. लडाखला मला ते पटत नाही. मैत्रिणींना सांगून बघ, फार तर पाचजणींत मिळून दोन मोठ्या बॅगा चेक-इनला टाका. फक्त दिल्लीला विमान बदलताना मोठी बॅग मागे राहून दुसऱ्या दिवशी आली असं होऊ शकतं, म्हणून पहिल्या २४ तासांचं लागणारं सगळं अंगाजवळच्या बॅगेत. आणि ग्रुप अजिबात ऐकणार नसेल तरी हरकत नाही, खाली जे सांगते ते सात किलोतही बसतं.

दुसरं, तो सनस्क्रीनचा धसका. तिथे जे झालं ते वाईट झालं, पण नियम कळला तर परत होणार नाही. २००६ साली लंडनहून सुटणाऱ्या विमानांत द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, त्यानंतर जगभर ही १०० मिलीची भानगड सुरू झाली. आंतरराष्ट्रीय प्रवासात हँडबॅगेतलं कुठलंही द्रव, जेल, क्रीम, पेस्ट, स्प्रे १०० मिलीपर्यंतच्या डबीत पाहिजे आणि अशा सगळ्या डब्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत मावल्या पाहिजेत. मेख अशी की बघतात ती डबीवर छापलेली क्षमता, आत किती उरलंय ते नाही. तुझं सनस्क्रीन अर्धं संपलं होतं हे तुला माहीत, त्यांच्या लेखी ते १५० मिलीच. टूथपेस्ट, मस्कारा, लिपग्लॉस हे सगळं द्रवात मोडतं, साधी कांडीची लिपस्टिक, साबणाची वडी, काजळाची पेन्सिल, कॉम्पॅक्ट हे नाही. युरोपात, ब्रिटनमध्ये काही विमानतळांवर नवे स्कॅनर आलेत आणि तिथे नियम सैल झालाय, पण परतीचा किंवा मधला विमानतळ जुन्याच नियमाने चालत असेल तर तिथे अडकणारच, म्हणून वाटेतला सगळ्यात कडक विमानतळ धरूनच पॅकिंग करायचं.

तुझा प्रवास देशातल्या देशात आहे. इथे ती झिपची पिशवी सहसा कोणी मागत नाही, पाण्याची बाटली पण जाऊ देतात. तरी शंभराच्या आतल्याच डब्या घे, शेवटचा शब्द तिथे उभ्या असलेल्या माणसाचा असतो आणि पहाटे चारला वाद घालायची ताकद आपल्यात नसते. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, दुपारी तिथे वारा सुटतो म्हणून, आणि लेहचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे त्यामुळे येताना तपासणी कडक असते, वेळ हातात ठेवून जा. कात्री, ब्लेड हँडबॅगेत नको, लायटर आणि नेलपेंट रिमूव्हर तर कुठल्याच बॅगेत नको, ती पेट घेतात, नखं घरूनच करून निघ. आईला सांग सुकं खोबरं घालून काही देऊ नकोस, अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या तर नाहीच, त्यात तेल असतं म्हणून विमानात त्यावर बंदी आहे. (माझ्या नणंदेच्या बॅगेतून निघाल्या होत्या, चार वाट्या, काय ते प्रदर्शन.)

आता लेहबद्दल एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. विमान आकाशात असताना केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ ठेवतात, म्हणजे तू खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा वर असतेस, कळसूबाई १६४६ मीटर. आणि लेहचा विमानतळच सव्वातीन हजार मीटरवर, त्यामुळे दार उघडेपर्यंत केबिनमधला दाब उतरवून तिथल्याइतका केलेला असतो. मुंबईत समुद्राच्या पातळीला जो हवेचा दाब तो लेहला दोन तृतीयांशच उरतो. आता डोंबिवलीत तू बाटलीचं झाकण घट्ट लावलंस की आत डोंबिवलीची हवा कोंडली ना, ती तिकडे जाऊन फुगते. मी पहिल्या संध्याकाळी हॉटेलात बॉडी लोशनचं झाकण खटकन उघडलं तर पिचकारी थेट समोरच्या रजईवर, आणि ती रजई पांढरी नव्हती हे माझं नशीब. तर युक्ती सोपी आहे. ट्यूब असेल तर दाबून आतली हवा काढून मग झाकण लाव. बाटली असेल तर गळ्यापर्यंत भरू नकोस, वर थोडी जागा सोड आणि मऊ प्लास्टिकची असेल तर किंचित चेपून बंद कर. झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा ठेवून मग फिरवलंस तर आणखी बरं. पंपाच्या आणि खटक्याच्या झाकणाच्या बाटल्या घरी. रोल-ऑन पण झिपच्या पिशवीत उभा, आणि पोचल्यावर पहिल्यांदा काहीही उघडताना बेसिनवर धरून हळू उघड.

आता वांग. तुझ्या पत्रात ‘फोटो’ हा शब्द पाच वेळा आलाय आणि ‘ऊन’ एकदाही नाही, म्हणून हे जरा लांबण लावून सांगते.

उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. लेह गाव ३५०० मीटरवर, पँगाँग तलाव सव्वाचार हजाराच्या आसपास, खारदुंगला खिंड त्याहून बरीच वर. म्हणजे आपल्या किनाऱ्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त मारा, आणि हवा गार असल्यामुळे चटका बसत नाही म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. ताजा बर्फ असेल तर तो ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो, पाणी आणि वाळूही थोडीफार फेकतात, नुब्रा खोऱ्यात तर वाळूच्या टेकड्याच आहेत. वांगाला हेच सगळ्यात जास्त भडकवतं. तू न्यायला निघालीस कन्सीलर, म्हणजे वांग झाकायची सोय, आणि ज्याने ते वाढणार नाही त्याचं मात्र १५ मिलीचं सॅम्पल! हिशेब करू या. चेहरा आणि मान नीट माखायला एका वेळी दोन बोटांवर रेघ ओढून येईल एवढं लागतं, दीड ग्रॅम धर. सकाळी निघताना, मग दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवसाला तीनदा तरी. सात दिवसांत एकवीसदा, एकतीस-बत्तीस ग्रॅम नुसत्या चेहऱ्याला, शिवाय कान, हाताचे पंजे. तर ५० ग्रॅमची एक पूर्ण ट्यूब तुझ्या एकटीची, त्यात वाटेकरी नाही, आणि ती तिच्या मूळ ट्यूबमध्येच ने, सनस्क्रीन दुसऱ्या डबीत काढायचं नसतं. एसपीएफ ५०, आणि शक्यतो रंगाची छटा असलेलं, टिंटेड म्हणतात ते. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते नुसत्या अतिनील किरणांनाच नाही तर दिसणाऱ्या उजेडालाही अडवतं, आणि वांग त्या उजेडानेही वाढतं. चेहऱ्याचा रंगही त्याने एकसारखा दिसतो, म्हणजे तुझी दोन फाउंडेशनं आणि कन्सीलर तिथेच गेली. लडाखमध्ये दुपारपर्यंत असंही फाउंडेशन कोरडं पडून ओठाच्या कडेला भेगाळतं, मी बघितलंय, माझ्याच तोंडावर. सनस्क्रीनच्या जोडीला रुंद काठाची टोपी आणि स्टोल. टोपी डोक्यावर असते, बॅगेत नाही, सात किलोत धरत नाहीत.

आणि ती केमिस्टची ट्यूब. तू नाव लिहिलंयस त्यावरून ते तीन औषधांचं मिश्रण आहे, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. हे त्वचेच्या डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे लावायचं औषध आहे गं, तीन वर्षं रोज रात्री लावायचं क्रीम नाही. त्याने त्वचा पातळ होते, लाल पडते, ऊन सोसत नाही, आणि अशी त्वचा घेऊन तू ३५०० मीटरवर निघालीस. मी डॉक्टर नाही, त्यामुळे लावू नको की एकदम बंद कर यातलं काहीच मी सांगणार नाही, पण निघायच्या आधी निदान तीन आठवडे त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब हातात घेऊन जा, तीन वर्षं लावतेय हे न लपवता सांग. ते ग्लायकोलिक आणि रेटिनॉलचं सीरम पण त्यांनाच दाखव, माझं ऐकशील तर ट्रिपला दोन्ही नको, निघायच्या चार-पाच दिवस आधीपासूनच त्यांना सुट्टी दे. पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही हेच सांगते, नवीन क्रीम, फेशियल, ब्लीच, पील असलं काही प्रवासाच्या आदल्या आठवड्यात करून जाऊ नका, अंगावर काही उठलं तर तिकडे कोणाला दाखवणार.

बाकीचं पटकन सांगते. फेसवॉश दिवसातून एकदा, रात्री, सकाळी नुसतं पाणी, हवा इतकी कोरडी असते की दोनदा धुतलंस तर तोंड ताणल्यासारखं होईल, तेव्हा १० मिली पुष्कळ झालं. मॉइश्चरायझर मात्र जरा जाडसर, ३० मिली, ओल्या तोंडावरच लावायचं. डब्यांसाठी त्या तीनशे रुपयांच्या ट्रॅव्हल किटच्या मागे लागू नकोस. होमिओपॅथीच्या साबुदाण्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घरात पडलेल्या असतातच, धुऊन पूर्ण सुकवून घे, फेसवॉशला एकदम बरोब्बर. नवी कोरी कॉन्टॅक्ट लेन्सची डबी, तिच्या दोन वाट्यांत दोन क्रीमं बसतात. काढून घेतल्यावर वर नाव लिही, मी एकदा दोन दिवस हेअर जेल मॉइश्चरायझर समजून लावलंय. काचेच्या बाटल्या आणि बरण्या सगळ्या घरी ठेव, त्यांच्यात बऱ्याचदा आतल्या क्रीमपेक्षा काचेचंच वजन जास्त असतं. तुझ्या १ किलो ८५० मधलं निम्मं वजन काच आणि ती चामड्याची पाऊच असणार, काट्यावर रिकामी पाऊच ठेवून बघ एकदा.

शाम्पूला सॅशे. परदेशी लोक छोट्या बाटल्यांसाठी डॉलर मोजतात आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे दोन रुपयांत तीच सोय तोरणासारखी लटकत असते. दोन सॅशे पुरे. नुब्रा, पँगाँगच्या कँपमध्ये गरम पाणी ठरावीक वेळी, बादलीने मिळतं, लडाखात पाणी मुळातच कमी, आणि पहिले दोन दिवस तर तुला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून नुसतं पडून राहायचंय, तिथे डोक्यावरून न्हायचे बेत कोण करणार. रिकामी सॅशे आणि वापरलेले वाइप्स मात्र पिशवीत घालून परत आण, तिथे टाकून येऊ नकोस. पाचजणींत पाच शाम्पू, पाच बॉडी लोशन, पाच टूथपेस्ट कशाला, ग्रुपवर वाटून घ्या. फक्त काजळ, मस्कारा, लिपस्टिक कोणाची कोणी लावायची नाही, डोळे आले तर सगळ्या मिळून गॉगल घालून फिराल.

आईची खोबरेलाची बाटली, तर आई चुकत नाहीये पण बाटली चुकतेय. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली थिजतं, लेहला बाटलीतून एक थेंब पडणार नाही, उलटी करून बसशील. न्यायचंच तर रुंद तोंडाच्या छोट्या डबीत, बोटाने खरवडून घेता येईल असं. त्यापेक्षा कोकणातलं कोणी ओळखीचं असेल तर कोकमतेलाचा गोळा मागव. घट्ट असतो, सांडत नाही, १०० मिलीच्या नियमात बसवायची कटकट नाही, किंचित ऊब देऊन ओठांना, टाचांना, नाकपुडीच्या आत कडेला लावायचा. फुटलेल्या ओठांवर मला याच्याइतकं गुणी दुसरं काही भेटलेलं नाही. दिवसा ओठांना एसपीएफवाला बाम, रात्री हा.

मेकअपमध्ये एक काजळ, एक लिपस्टिक, तीच बोटाने गालाला. पॅड्स किंवा कप भरपूर घे, पाळीची तारीख नसली तरी घे, हे एवढं ‘असू दे बरोबर’ मला मान्य आहे. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ते औषध घ्यायचं की नाही ते डॉक्टरला विचारून, आणि सगळी औषधं चिठ्ठीसकट हँडबॅगेत.

एवढं सगळं धरून माझ्या काट्यावर साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं, साध्या झिपच्या पिशवीत.

फोटोंचं राहिलं. मी काही तुला ‘सौंदर्य मनात असतं’ वगैरे सांगणार नाही, त्या वाक्याने कोणाच्याच गालावरचा डाग गेलेला नाही, आणि लिपस्टिक लावून फोटो काढायला मलाही आवडतं. एवढंच विचारते की त्या चौघींपैकी कोणी कधी वांगाबद्दल बोललंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. तूच लिहिलंयस की शाळेत असल्यापासून एकीचे दात पुढे आहेत आणि तिचा एकही फोटो तोंड मिटून नाही. तिला तू फोटोत बघतेस तेव्हा आधी दात दिसतात का तुला? आणि पँगाँगला वारा असा असतो की सगळ्यांची नाकं लाल, केस टोपीत, डोळ्यांवर गॉगल, कोण कुठली हे जाकिटावरून ओळखावं लागतं. मला वाटतं तुझी भीती पँगाँगच्या फोटोची नाहीच, ती घरी आल्यावर शाळेच्या मोठ्या ग्रुपवर फोटो पडतील त्याची आहे. तसं असेल तर कुठले फोटो टाकायचे ते पाचजणींनी आधीच ठरवून घ्या, तेवढं मैत्रिणींना सांगता येतं.

येताना लेहच्या बाजारात जर्दाळूच्या बियांचं तेल मिळेल, तिथल्या बायका थंडीत तोंडाला तेच लावतात. छोटी बाटली घे, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा विसरू नकोस, आणि चेक-इनला बॅग असेल तर तीत टाक. उतरताना उलटा प्रकार होतो, बाटली आत चेपते, घाबरू नकोस, झाकण उघडलं की फुस्स करून सरळ होते. घरी आलीस की पिशवी आवरून टाकायच्या आधी परत एकदा काट्यावर ठेव, आणि सनस्क्रीन किती उरलं ते मला नक्की कळव. अर्ध्याहून जास्त उरलं असेल तर ओरडा खाशील.